कृष्णेचा पूर आणि सुमात्राचा किनारा

२०१६ सालच्या एप्रिल महिन्यात मिरज जंक्शनवरून लातूरकडे पाण्याची पहिली गाडी सुटली. राजस्थानातल्या कोट्याहून स्वच्छ करून आणलेल्या दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर पाणी, आणि हे पाणी आमच्या कृष्णेचे. पुढे वाघिणींची संख्या वाढली आणि काही महिने ती गाडी लातूरच्या तहानेसाठी फेऱ्या घालत राहिली. त्याच कृष्णेने तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांची पातळी ओलांडली. या पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात, आणि २००५ च्या ज्या महापुराच्या खुणा आम्ही घरोघरी भिंतींवर जपून ठेवल्या होत्या, तो पूरही ५४ फुटांच्या आत थांबला होता.

एकाच नदीच्या या दोन रूपांची कारणे आपण जमिनीवर शोधतो. उसाने पिऊन टाकलेले पाणी, धरणांचे दरवाजे उघडण्याच्या वेळा, पूररेषेच्या आत उभ्या राहिलेल्या इमारती, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा, या विषयांवर सांगली-कोल्हापुरात कोणत्याही पारावर तासभर वाद होऊ शकतो, आणि त्यांतल्या काही मुद्द्यांवर माझीही मते ठाम आहेत. परंतु पूर ओसरल्यानंतर मी या विषयावर जे वाचत गेले, त्यातून हळूहळू एक गोष्ट पटत गेली की या वादात एक पक्षकार नेहमीच गैरहजर असतो, आणि तो म्हणजे समुद्र. लातूरच्या तहानेचा एक धागा पेरू देशासमोरच्या प्रशांत महासागरात होता. २०१९ च्या पावसाचा एक धागा सुमात्रा बेटाच्या किनाऱ्याजवळ अचानक थंड पडलेल्या पाण्यात होता. हे धागे किती बळकट आहेत आणि कुठे विरतात, हे समजून घेतल्याशिवाय आपल्या पावसाविषयी काही बोलणे अपुरेच राहते.

समुद्राला पावसाच्या बाबतीत एवढा अधिकार मिळतो तो त्याच्या उष्णता साठवण्याच्या क्षमतेमुळे. पृथ्वीच्या साऱ्या वातावरणात जेवढी उष्णता मावते, साधारण तेवढीच समुद्राच्या वरच्या केवळ तीनएक मीटर थरात मावते. हवेला आठ-दहा दिवसांपूर्वीचे काही आठवत नाही. समुद्राला मात्र मागच्या हंगामाचीही आठवण राहते, आणि म्हणूनच चार महिन्यांनंतरच्या पावसाविषयी काही सांगता येत असेल तर ते समुद्राकडे पाहूनच सांगता येते. उष्ण कटिबंधात पाण्याचे तापमान साधारण २८ अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यावर उंच, दाट, पाऊस देणारे ढग सहज उभे राहू लागतात. हवा वर जाते, दूर कुठेतरी ती खाली उतरते, आणि जिथे उतरते तिथे आकाश मोकळे राहते. गरम पाण्याचा हा पट्टा हजार-दोन हजार किलोमीटर इकडेतिकडे सरकला की हवा वर जाण्याची आणि खाली उतरण्याची ठिकाणेही बदलतात. एकाच्या शिवारात चिखल आणि दुसऱ्याच्या शिवारात भेगा, याचे मूळ बरेचदा या सरकण्यात असते.

प्रशांत महासागरातले असे सरकणे म्हणजे एल निनो. एरवी व्यापारी वारे गरम पाणी पश्चिमेकडे, इंडोनेशियाच्या बाजूला, लोटत असतात. दर दोन ते सात वर्षांनी हे वारे मंदावतात, गरम पाणी मध्य आणि पूर्व प्रशांतात पसरते, ढगांची जागा बदलते आणि आपल्या उपखंडावर हवा खाली उतरण्याकडे कल होतो. ही गोष्ट आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. तिचा शोध मात्र भारताच्या दुष्काळातून सुरू झाला, हे पुरेसे सांगितले जात नाही.

१८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये पडलेल्या भीषण दुष्काळाने सरकारला पावसाचा अंदाज बांधण्याची निकड पटवली. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून आडाखे बांधून पाहिले. १८९९ च्या दुष्काळाने या साऱ्या प्रयत्नांना पुन्हा धक्का दिला. त्यानंतर १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती भारतीय वेधशाळांचे महासंचालक झाले. हवामानशास्त्र हा त्यांचा मूळ विषय नव्हता, आणि कदाचित म्हणूनच त्यांनी सिद्धांताच्या मागे न लागता जगभरच्या वेधशाळांतले दाब, तापमान आणि पाऊस यांचे आकडे मागवून त्यांचे परस्परसंबंध काढायला घेतले. संगणक नव्हते. भारतीय कारकुनांनी वर्षानुवर्षे हाताने ती गणिते केली. त्या आकडेमोडीतून असे दिसले की हिंदी महासागराच्या बाजूला हवेचा दाब वाढतो तेव्हा प्रशांताच्या पूर्वेला तो घटतो, आणि दाबाच्या या झोक्याचा, म्हणजे आंदोलनाचा, आपल्या पावसाशी संबंध आहे. वॉकर यांनी त्याला दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. या आंदोलनाखाली समुद्राचे तापमान हलत असते, हे जोडून दाखवायला मात्र १९६९ साल उजाडावे लागले. ते काम जेकब बियर्कनेस यांनी केले आणि पूर्व-पश्चिम वाहणाऱ्या त्या हवेच्या चक्राला वॉकर यांचेच नाव दिले. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थांब्यावर उतरणाऱ्या किती जणांना त्या कारकुनांची आठवण होत असेल, असे माझ्या मनात तिथून जाताना नेहमी येते. त्या माणसांची नावे मी कुठे वाचलेली नाहीत, आणि त्याची मला खंत वाटते.

एल निनो आणि दुष्काळ ही जोडी महाराष्ट्राच्या मनात पक्की बसली ती १९७२ मुळे. त्या वर्षी देशात सरासरीपेक्षा सुमारे २४ टक्के पाऊस कमी पडला. आमच्या आधीच्या पिढीने त्या वर्षी खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या तांबड्या भाकरी खाल्ल्या, आणि त्या पिढीतली माणसे आजही ताटात घास टाकत नाहीत. २००२, २००९, २०१५ या वर्षांनी ही जोडी आणखी घट्ट केली. २०१५ मध्ये पाऊस सरासरीच्या ८६ टक्के झाला, त्याच्या आदल्या वर्षीही ८८ टक्केच झाला होता, आणि या लागोपाठच्या दोन वर्षांचे ओझे शेवटी मिरजेहून निघालेल्या त्या रेल्वेगाडीवर आले.

तरीही ही जोडी अतूट नाही. १९९७ मध्ये विसाव्या शतकातला अत्यंत बलवान एल निनो प्रशांतात उभा होता. भारतावर मोठा दुष्काळ येणार अशीच सर्वांची धारणा होती. प्रत्यक्षात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. या कोड्याने शास्त्रज्ञांना आपल्या स्वतःच्या समुद्राकडे पाहायला भाग पाडले. १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता या चौघांनी ‘नेचर’मध्ये हिंदी महासागरातल्या एका द्विध्रुवाचे वर्णन केले. त्यालाच आता बातम्यांत ‘आयओडी’ (इंडियन ओशन डायपोल) म्हणतात. चौघांपैकी तीन नावे भारतीय आहेत, याचा मला अभिमान वाटतो.

या द्विध्रुवाचे काम थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. एरवी हिंदी महासागराचा पूर्वेकडचा भाग, म्हणजे सुमात्रा आणि जावाच्या बाजूचा, पश्चिमेपेक्षा गरम असतो. काही वर्षी मे-जूनच्या सुमारास सुमात्राच्या किनाऱ्यालगत आग्नेयेकडून येणारे वारे जोर धरतात. ते पृष्ठभागावरचे गरम पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतात आणि त्याच्या जागी खोलवरचे गार पाणी वर येते. पूर्वेचे पाणी गार झाले की तिथले ढग विरळ होतात, हवेचा दाब वाढतो, आणि विषुववृत्तावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहू लागतात. हे वारे गरम पाणी आफ्रिकेच्या दिशेने लोटतात. त्यामुळे पूर्व आणखी गार होते, पश्चिम आणखी गरम, आणि तापमानातला फरक वाऱ्याला, तर वारा त्या फरकाला पोसत राहतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात हे चक्र कळसाला पोहोचते आणि डिसेंबरमध्ये मोसमी वाऱ्यांची दिशा पालटली की मोडते. पश्चिमेकडचा समुद्र असा तापलेला असतो तेव्हा अरबी समुद्रावरून आपल्याकडे येणाऱ्या वाऱ्यांना जास्त बाष्प मिळते, आणि पूर्वेकडे खाली बसणारी हवा उत्तरेकडे, आपल्या मोसमी पट्ट्यात, वर चढण्याला साहाय्य करते. एल निनोने टाकलेला दाब यामुळे बऱ्याच अंशी हलका होऊ शकतो. १९९७ मध्ये हेच घडले, असे मानले जाते.

जुन्या नोंदी चाळताना शास्त्रज्ञांना या द्विध्रुवाची आणखी वर्षे सापडली, आणि त्यांत १९६१ होते. ते साल वाचले तेव्हा मी काही क्षण थांबले. १९६१ मध्ये एल निनो नव्हता, पण धन द्विध्रुव, म्हणजे पूर्वेला गार आणि पश्चिमेला गरम समुद्राची वर सांगितलेली अवस्था, जोरदार होता. त्या वर्षीचा मोसमी पाऊस देशाच्या नोंदींतल्या सर्वाधिक पावसांपैकी एक ठरला. त्याच पावसाळ्यात, १२ जुलैला, पानशेत फुटले आणि पुण्याच्या पेठांत पाणी शिरले. पानशेत का फुटले याचे उत्तर अपुऱ्या राहिलेल्या बांधकामात आणि त्या अपुऱ्या धरणात पाणी साठू देण्यात आहे. समुद्राच्या नावावर ते पाप ढकलून चालणार नाही. पण त्या वर्षी धरणावर इतका पाऊस का पडला, या प्रश्नाच्या उत्तरात सुमात्राचा वाटा असू शकतो. त्याच वर्षाच्या अखेरीस समुद्राच्या दुसऱ्या टोकाला, पूर्व आफ्रिकेत, असा काही पाऊस झाला की पुढच्या दोन-तीन वर्षांत व्हिक्टोरिया सरोवराची पातळी दोन मीटरांहून अधिक वाढली. पुण्याच्या ओंकारेश्वराजवळ राहणाऱ्या कोणालाही तेव्हा हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आता २०१९ कडे येते, कारण ते वर्ष मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. एप्रिलमध्ये हवामान खात्याने सरासरीच्या ९६ टक्के पावसाचा अंदाज दिला होता, आणि प्रशांतात सौम्य एल निनो रेंगाळत असताना तो अंदाज वाजवीच होता. मोसमी पाऊस केरळात आठ जूनला, म्हणजे आठवडाभर उशिरा, पोहोचला. अरबी समुद्रातल्या ‘वायू’ चक्रीवादळाने त्याची पुढची वाटचाल अडवली. मृग कोरडा गेला, आर्द्रेने थोडीफार सुरुवात केली, आणि जून संपला तेव्हा देशाच्या पावसात तब्बल ३३ टक्के तूट होती. आमच्याकडे पेरण्या खोळंबल्या होत्या. जुलैच्या अखेरीस मात्र घाटमाथ्यावर पावसाने ठाण मांडले. कोयना, वारणा, राधानगरी भरत आल्या. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी कोल्हापुरात पूर्वापार आनंदाने सांगितली जाते, कारण शाहू महाराजांचे धरण भरले म्हणजे वर्षाची काळजी मिटली. त्या वर्षी ती बातमी ऐकताना बोलणाऱ्याचा आवाज बदललेला होता.

आश्लेषा नक्षत्र लागले, आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तीव्र होऊन ओडिशाकडे सरकले. अशा वेळी ते क्षेत्र अरबी समुद्रावरून वारे ओढून घेते. ते वारे बाष्पाने जड होते, आणि सह्याद्रीवर आदळून सलग काही दिवस ओतत राहिले. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते, हरिपूरला वारणा, नरसोबावाडीला पंचगंगा. आणि कऱ्हाडच्या खाली कृष्णेचा उतार इतका मंद आहे की वरून आलेले पाणी वाहून जाण्याऐवजी पसरते. नरसोबावाडीला पाणी मंदिरात उत्तरेकडून शिरून पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडते, तेव्हा त्या पाण्यात स्नान करायला माणसे लांबून येतात. नदीच्या वाढण्याला सोहळा मानणारा हा प्रदेश आहे. त्या ऑगस्टमध्ये मंदिर दिसेनासे झाले. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला, आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या माणसांची नाव उलटली. ब्रह्मनाळविषयी याहून जास्त लिहिणे मला अजूनही जमत नाही.

पाणी ओसरल्यावर मी माझ्या माहेरच्या शिवारात गेले होते. उभा ऊस दुरून हिरवा दिसत होता. जवळ जाऊन पाहिले तर प्रत्येक पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, गाळ बसलेला होता, आणि पोंगा ओढला की तो कुजून हातात येत होता. ज्या उसाचे शेंडे पाण्याबाहेर राहिले होते, त्याच्या कांड्यांना हवेतच पांढऱ्या मुळ्या आणि पांगशा फुटल्या होत्या. असा ऊस कारखान्याला गेला तरी वजन आणि साखर दोन्ही देत नाही, हे शेजारच्या काकांनी समजावून सांगितले, आणि सांगताना ते एकेक कांडे हाताने पुसत होते. हरिपुरात हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे होती. शंभर शंभर वर्षे त्यांनी हळद कोरडी ठेवली होती, आणि त्यांतली कितीतरी २००५ च्या पुरातच निकामी झाली होती. २०१९ ने उरल्यासुरल्यांचीही आशा मोडली. ज्या जागी पाणी कधीच येणार नाही असे मानून पिढ्यांनी पेवे खोदली, तिथे चौदा वर्षांत दोनदा पाणी यावे, याचा अर्थ पावसाचा स्वभाव आणि नदीकाठची आपली वागणूक या दोन्ही गोष्टी बदलल्या आहेत.

त्याच दिवसांत, आमच्याच जिल्ह्यात, आटपाडी आणि जतकडे टँकर चालू होते. शेजारच्या माण तालुक्यात चारा छावण्यांत जनावरे होती. सह्याद्रीने ओंजळ रिती केल्यानंतर पन्नास-साठ किलोमीटरवरच्या पर्जन्यछायेत ढग कोरडेच पोहोचतात. समुद्राने कितीही बाष्प पाठवले तरी ते कुठे उतरावे हे डोंगर ठरवतो, आणि ‘महाराष्ट्रात सरासरीहून अधिक पाऊस’ हे वाक्य जतच्या माणसाच्या दृष्टीने जवळजवळ निरर्थक असते.

द्विध्रुवाचा खरा जोर त्यानंतर दिसला. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये देशात सरासरीच्या दीडपट पाऊस झाला. परतीचा पाऊस राजस्थानातून निघाला तोच मुळी नऊ ऑक्टोबरला, इतक्या उशिराची नोंद त्याआधी नव्हती. हंगाम ११० टक्क्यांवर संपला, आणि त्याआधी एवढा पाऊस झाला होता तो १९९४ मध्ये. तेही धन द्विध्रुवाचेच वर्ष होते. दिवाळीच्या तोंडावर ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या समोरून गेले. २००७ च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्रातले ते दुसरेच महाचक्रीवादळ. राज्यभर काढणीला आलेले सोयाबीन शेतातच उगवले, नाशिककडे द्राक्षबागांचे घड कुजले, कांदा सडला, आणि डिसेंबरमध्ये शहरांतल्या मंडईत कांद्याने किलोला शंभरी गाठली तेव्हा इजिप्त आणि तुर्कस्तानातून कांदा आणावा लागला. पूर्व आफ्रिकेत महापूर आले. पूर्वेकडच्या गार समुद्रापलीकडे ऑस्ट्रेलिया कोरडा पडून पेटला. अरबस्तानात २०१८ च्या चक्रीवादळांच्या पावसाने वाळवंटात टोळधाडीची पैदास सुरू झाली होती. २०१९ अखेरच्या आफ्रिकेतल्या पावसाने ती आणखी फोफावली, आणि मे २०२० मध्ये टोळांचे थवे अमरावती, वर्धा, नागपूरच्या संत्र्यांच्या बागांवर उतरले. काटोलकडच्या शेतकऱ्यांनी ताटे वाजवून जे टोळ हाकलले, त्यांच्या कहाणीत तापलेल्या पश्चिम हिंदी महासागराचा वाटा होता.

असे असले, तरी सांगलीचा पूर द्विध्रुवाने आणला, असे विधान मी करणार नाही. समुद्राची चक्रे हंगामाचा कल ठरवतात; एखाद्या दिवशी एखाद्या खोऱ्यात किती पाऊस पडेल हे उपसागरातले कमी दाबाचे क्षेत्र, किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा आणि डोंगराची ठेवण अशा जवळच्या गोष्टींवर अवलंबून असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला जेमतेम ७४. हा फरक कोणताही एल निनो समजावून सांगू शकत नाही. जुलै २०२१ मध्ये द्विध्रुव धन नव्हता, उलट ऋण बाजूला, म्हणजे पूर्व गरम आणि पश्चिम गार अशा अवस्थेकडे, झुकलेला होता, तरी महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला, चिपळूण बुडाले आणि तळिये गावावर दरड आली. १९७२ मध्ये धन द्विध्रुव होता, तरी एल निनोपुढे त्याचे काही चालले नाही. बातमीदारांनी आणि समाजमाध्यमांवरच्या अंदाजकर्त्यांनी हे विसरून ‘आयओडी पॉझिटिव्ह, म्हणजे पाऊस पक्का’ असे सांगायला सुरुवात केली आहे, आणि शेतकरी त्यावर बियाणे विकत घेतो. मला हे धोक्याचे वाटते.

या चक्रांच्या खाली आणखी एक संथ गोष्ट चालू आहे. उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचे पृष्ठतापमान १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एका अंशाने वाढले, जगातल्या समुद्रांच्या सरासरीहून जास्त. तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. पुण्याच्या पाषाणमधल्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याच काळात त्या पट्ट्यातला एकूण मोसमी पाऊस मात्र घटला. तापलेल्या अरबी समुद्रावर मोसमी वारे पूर्वीसारखे एका लयीत वाहत नाहीत, ते उसळतात, आणि प्रत्येक उसळीबरोबर दोन-तीन दिवसांसाठी प्रचंड बाष्प जमिनीवर येते. आमच्या आजीच्या तोंडी तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, आसळका, सासूंचा आणि सुनांचा अशी नक्षत्रागणिक पावसाची नावे होती, आणि प्रत्येकाचा स्वभाव तिला पाठ होता. तो सारा हिशेब झड धरून पडणाऱ्या, दमाने मुरणाऱ्या पावसाचा होता. आता महिन्याची सरासरी चार दिवसांत पूर्ण होते आणि उरलेले दिवस ओढ देतात. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

द्विध्रुव स्वतःही बदलतो आहे का? सुमात्राजवळच्या मेंतावाई बेटांतल्या प्रवाळांमध्ये जुन्या समुद्राचे तापमान कोरलेले असते. त्यावरून असे दिसते की १६७५ मध्ये, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या पुढच्याच वर्षी, १९९७ पेक्षाही तीव्र धन द्विध्रुव येऊन गेला होता. समुद्र माणसाच्या मदतीशिवायही असा टोकाला जाऊ शकतो. पण तशा घटना पूर्वी विरळ होत्या. विसाव्या शतकात त्या दाटीने येऊ लागल्या. हरितगृह वायूंचे उत्सर्जन मोठ्या प्रमाणात चालूच राहिले तर साधारण सतरा वर्षांतून एकदा येणारा तीव्र धन द्विध्रुव या शतकात सहा-सात वर्षांतून एकदा येईल, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातल्या संगणकीय प्रतिमानांनी (मॉडेल्सनी) सुचवले आहे.

मग कृष्णाकाठच्या माणसाला या ज्ञानाचा उपयोग काय? मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर वेळापत्रकात दडलेले आहे. मार्च-एप्रिलमध्ये समुद्राचे भाकीत कच्चे असते, कारण वसंतात ही चक्रे एका अवस्थेतून दुसरीत जात असतात. जून संपता संपता चित्र स्थिर होऊ लागते, आणि जुलैच्या अखेरीस हवामान खाते ऑगस्ट-सप्टेंबरचा वेगळा अंदाज देते, तेव्हा द्विध्रुव आणि एल निनो या दोहोंची दिशा बहुधा कळलेली असते. नेमका हाच काळ १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट, क्षमतेच्या कोयना धरणात अजून थोडी जागा शिल्लक असण्याचा असतो. धरण किती भरू द्यायचे याचे जलसंपदा विभागाचे आराखडे असतात. हंगामातल्या समुद्राची अवस्था पाहून त्यांत दरवर्षी फेरफार व्हावा आणि तो फेरफार कशाच्या आधारे केला हे लोकांना आधी सांगितले जावे, अशी माझी मागणी आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने नदीपात्रातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवले ते योग्यच आहे. ती काढायला वर्षे लागतील. आराखडा मात्र एका बैठकीत बदलता येतो.

यात धोका आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. जागा रिकामी ठेवली आणि पुढे २०२३ सारखा ऑगस्ट आला, तर त्याची किंमत आटपाडी-जतचा शेतकरी मोजेल. म्हणून धरणातून सोडलेले पाणी नुसते कर्नाटकाकडे वाहून जाऊ न देता टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांचे पंप अशा वर्षी जुलैतच सुरू करावेत आणि पूर्वेकडचे तलाव, पाझर तलाव, बंधारे त्या पाण्याने भरून घ्यावेत. पुराच्या पाण्याने तलाव भरण्याचे प्रयोग झालेले आहेत, ते अधूनमधून आणि पाणी दारात आल्यावर होतात. पंपांचे वीजबिल कोणी भरायचे यावरून दरवर्षी घोळ होतो. धन द्विध्रुवाच्या वर्षी ते बिल शेतकऱ्यांकडून न घेता पूरनियंत्रणाच्या खर्चातून भरावे, आणि पंप किती तारखेला सुरू करायचे हे जुलैच्या अंदाजाबरोबरच जाहीर करावे.